एकटं उरलेलं प्यादं

"मारा की ते प्यादं! अहो, मारा! काय बघत बसलाय त्याच्याकडे, सोयरीक जमवायचीय का?"

हे मी त्या उन्हाळ्यात किती वेळा ओरडले असेन, मोजदाद नाही. तेही स्वतःच्या घराच्या पायरीवर बसून, गल्लीतल्या बायका घागरी आणि बॅरल भरत असताना. पलीकडच्या घरातली सून तर एकदा येऊन विचारून गेली, "बाई, कुणाला मारायला सांगलालाय?" माझ्यासमोर बसलेला माणूस सत्तावन्न वर्षांचा. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली, नजर पटावर. पटावर त्याचा एक राजा आणि एक हत्ती, आणि माझ्याकडे राजा आणि एकच एक प्यादं. हत्तीनं प्यादं मारायचं, मग माझ्या राजाला हाकत हाकत कडेला न्यायचं आणि मात द्यायची. सहावीतलं पोरगं करेल. पण हा बाबा प्यादं मारायचाच नाही. त्याच्याभोवती हत्ती फिरवायचा, इकडून दाबायचा, तिकडून दाबायचा, आणि तेवढ्यात माझं प्यादं एकेक घर सरकत वजीर होऊन बसायचं. मग कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचा, "गेलं की बाई."

गेलं की म्हणे! गेलं कसं, तुम्ही घालवलं.

मी नीलम्मा गड्डम. एकतीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. वडील मागावर चादरी विणायचे, घरात तेलुगू बोलायचे, आणि मला शिकवायचं एवढाच त्यांचा हट्ट. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून बुद्धिबळ खेळले. पुढे संसार, शाळा, सासूचं आजारपण, यात पट माळ्यावर गेला तो गेलाच. माझा राग शाळेत सगळ्यांना माहीत होता. खडू फेकायचे मी, आणि नेमही चांगला होता. आता त्याचं वाईट वाटतं असं म्हणायला हवं, पण खरं सांगते, तेव्हा वाटत नव्हतं.

आणि हा प्रभुलिंग. पाणीपुरवठा खात्यातला चावीवाला. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येतं, तेव्हा चावीवाल्याचं नाव गल्लीत देवाच्या आधी घेतात. हा यायचा सायकलवर, आडव्या दांड्याला इंग्रजी टीसारखी लांब लोखंडी चावी बांधलेली. आमच्याच दारासमोर रस्त्यात लोखंडी झाकण आहे. ते उघडून, चावी खाली घालून, दोन्ही हातांनी अंग टाकून फिरवायचा. पाणी सुटलं की दोन तास थांबायचं, मग बंद करायचं आणि पुढच्या गल्लीत. वेळेचा एवढा पक्का की लोक त्याला बघून घड्याळ लावतील. शब्दाला शब्द वाढवणार नाही, कुणाकडे चहासाठी थांबणार नाही. ते दोन तास तो माझ्या पायरीवर, सावलीत, मोबाईल घेऊन बसायचा. मला वाटायचं, रील बघत असेल.

एकदा मी पाण्याचा तांब्या द्यायला गेले तर मोबाईलवर पट. बुद्धिबळाचं कोडं होतं, डावाच्या शेवटचं, जिथं मोहरी मोजकीच उरलेली असतात आणि एकेक चाल जिवावरची असते. त्यानं चाल केली. लाल फुली आली. दुसरी केली. पुन्हा लाल फुली.

"राजा पुढं घ्या," मी म्हटलं.

त्यानं वर बघितलं. राजा पुढं घेतला. हिरवी खूण आली. त्यानं मोबाईल खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले, खरंच जोडले.

"बाई, तुमाला येतंय व्हय?"

पुढच्या पाण्याला तो कापडी पट आणि मोहऱ्यांची पिशवी घेऊन आला.

त्याला काय हवं होतं ते त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, आडपडदा न ठेवता. दरवर्षी मे महिन्यात कर्मचाऱ्यांच्या क्रीडास्पर्धा होतात. बुद्धिबळात पहिले चार येतात ते सोलापूरचा संघ म्हणून राज्याच्या स्पर्धेला जातात. प्रभुलिंग सहा वर्षं खेळत होता. सहाही वर्षं हुकला, त्यातली चार वर्षं अर्ध्या गुणानं. जिंकत आलेला डाव बरोबरीत सुटायचा. हे सातवं वर्ष, आणि जुलैअखेर तो निवृत्त होणार होता. त्यानंतर कर्मचारीच नाही, तर कर्मचाऱ्यांची स्पर्धा कुठली?

"एकतीस वर्सं चावी फिरवली बाई," तो म्हणाला. "लोक मला 'ओ पाणीवाले' म्हणत्यात. वंगाळ न्हाई त्यात काय. पर एकदा चौघांत बसायचंय. कुणीतरी म्हणाया पायजे, ह्यो सोलापूरकडनं खेळतोय."

मी म्हटलं, बसवते. गणिताची बाई आहे मी, अर्ध्या गुणाचा हिशेब मला कळतो. चूक कुठं होते ते शोधायचं आणि उपटून काढायचं, त्यात अवघड ते काय?

मोठ्या ऐटीत म्हटलं होतं.

दोनशे पानी वही घेतली, पट्टीनं चौकटी आखल्या आणि शेवटच्या डावांची कोडी उतरवून काढली. पहिली वीस नुसती राजा आणि प्याद्यांची, मग हत्तीची, मग उंटाची. एका पाण्याला दहा सोडवायची, घरी दहा न्यायची. पहिल्या महिन्यात मला वाटलं, माणूस हुशार आहे. समोरच्या राजाची वाट कशी अडवायची, आपल्या प्याद्याला कुठल्या बाजूनं सोबत करायची, हे त्यानं असं पटकन धरलं की मी नवऱ्याच्या फोटोसमोर उभं राहून सांगितलं, "बघा, अजून शिकवता येतंय मला."

आणि मग सुरू झाली ती कटकट. वीस कोडी बरोबर, एकविसावं चूक. आणि चूक तरी कशी, की बघणाऱ्यानं डोकं आपटून घ्यावं. अवघडातलं अवघड कोडं हा सोडवणार आणि बाळबोध असेल तिथं मातीत जाणार. मी समजावून सांगितलं. पुन्हा सांगितलं. मान हलवायचा, "व्हय, कळलं," म्हणायचा, आणि पुढच्या पाण्याला ये रे माझ्या मागल्या. मी चिडले की तुम्हीवरून तूवर यायचे. "अरे बाबा, डोळे आहेत का बटणं?" असंही म्हटलं एकदा. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला! त्यानं टोपी उचलून डोक्यावर घातली, झाकणापाशी गेला, चावी फिरवून पाणी बंद केलं आणि सायकल घेऊन निघून गेला. पाण्याची वेळ झालीच होती, पण मला ते लागलं. पाचव्या दिवशी आला तो दहाच्या दहा कोडी सोडवून. त्यातली तीन चूक.

शेवटी मी शाळेत करायचे तेच केलं. सगळ्या चुका एका कागदावर मांडल्या. चाळीस कोड्यांत अकरा चूक. अकराही समोर ठेवली आणि बघत बसले. भाजी करपली तरी उठले नाही. अकराच्या अकरा कोड्यांत एकच गोष्ट सारखी होती. समोरच्याकडे राजा सोडून एकच मोहरं उरलेलं, आणि ते मारायचं होतं. ह्यानं अकराही वेळा मारलं नव्हतं.

पुढच्या पाण्याला मी कागद त्याच्यासमोर आपटला. "हे काय आहे?"

त्यानं बघितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "बुर्जी व्हतीय की बाई."

"काय होतंय?"

मग हळूहळू बाहेर आलं. प्रभुलिंगचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिथं देवळासमोरच्या कट्ट्यावर त्याचे वडील खेळायचे, त्यांचे वडील खेळायचे, सगळा देशी खेळ. त्याचे नियम वेगळे. समोरच्याचं सगळं मारून त्याला नुसता राजा ठेवला की त्याला म्हणायचं बुर्जी. डाव तिथंच मोडला. जिंकला असं कुणी म्हणत नाही.

"समोरच्याकडं एक तरी ठिवायचं, आन् मंग मात द्यायची," तो म्हणाला. "ती खरी मात. त्यातबी प्याद्यानं दिली तर कट्ट्यावर नारळ फुटायचा. एकट्या उरलेल्या राजाला काय मारायचं वो? मी सात वर्सांचा हुतो, शेवटलं प्यादं मारलं, तर अप्पांनी हातावर अशी चापट मारली बाई! म्हणले, उगड्या माणसाशी खेळतोस व्हय रे?"

"पण हा देशी खेळ नाही. इथं बुर्जी नसते."

"ठाव हाय की. सहा वर्सं झाली ठाव हाय. डोस्कं म्हणतंय मार. हात जात न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं! सहा वर्षं ह्या माणसानं अर्धा अर्धा गुण घालवला, तो एका कट्ट्यावरच्या चापटीपायी. आणि माझे दोन महिने गेले चौकटी आखण्यात. "हात जात नाही म्हणजे काय? हात तुमचाच आहे ना?"

"माजाच हाय," तो म्हणाला. "पर माजं ऐकत न्हाई."

ठीक आहे म्हटलं, डोकं बाजूला ठेवू. हातालाच शिकवू. पाढे पोरांना समजतात म्हणून येत नाहीत, घोकून येतात. मी वही मिटली. वहीत साठाव्या पानापुढे पुष्कळ काही होतं, पण दिवस तेवढे उरले नव्हते. मी एकच गोष्ट घ्यायची ठरवली. पटावर त्याचा राजा आणि हत्ती, माझा राजा आणि एक प्यादं. मी टाळी वाजवायची. टाळी वाजली की दोन सेकंदांत हत्तीनं प्यादं उचलायचं. विचार करायचा नाही. मग मोहरी दुसरीकडे मांडायची आणि पुन्हा टाळी. एका पाण्याला शंभर वेळा.

पहिल्या दिवशी टाळ्या वाजवून माझे तळवे लाल झाले. हात उचलायचा, हत्तीपर्यंत न्यायचा आणि तिथंच थांबायचा. कपाळावर घाम. चावी फिरवताना येत नसेल एवढा. बायका घागरी सोडून बघायला लागल्या. कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "हसायचं असेल तर आपापल्या नळाला जाऊन हसा." दुसऱ्या पाण्याला शंभरातली तीस जमली. मग पंचावन्न. मग एक दिवस अठ्ठ्याण्णव, आणि मी त्याला घरातून शिरा आणून दिला.

त्याच सुमारास त्याची बायको आली, नागम्मा. भाजीची पिशवी हातात, बाजारातून परस्पर आलेली. दारातच उभी राहिली.

"बाई, आमच्या मालकास्नी काय केलासा? दुपारी झोपल्यावर हात झाडत्यात. काल माजा तांब्या उडवला."

मी हसले. ती हसली नाही.

"ते कवा कुणाचं शेवटचं घेत न्हाईत बाई," ती म्हणाली. "जेवायला बसले तर भाकरी उरली का इचारून घेत्यात. त्यास्नी तुमी हे शिकीवलालाय."

"खेळ आहे हो नागम्मा. भाकरी नाही." मी जरा तुटकच बोलले. ती निघून गेली. मला तिचा रागच आला, खरं तर. आपण एवढं जीव तोडून शिकवतोय आणि ह्यांचं आपलं तांब्या उडवला!

आणखी एक सांगायला हवं. स्पर्धेच्या आधीचं शेवटचं पाणी होतं. शंभरला शंभर झाली होती. मोहरी पिशवीत भरता भरता तो म्हणाला, "बाई, एक इचारू? कवा थांबायचंबी आसतं का? म्हंजी, मारायचं न्हाई, आसं?"

असतं. असतंच की. समोरच्या राजाला शह नाही पण हलायला जागाही नाही, आणि त्याच्याकडे हलवायला दुसरं काहीच उरलेलं नाही, असं झालं तर डाव तिथंच बरोबरीत संपतो. स्टेलमेट. अशा वेळी त्याचं शेवटचं प्यादं मारणं म्हणजे हातानं डाव सोडून देणं. वहीत त्याचीच कोडी होती, साठाव्या पानापासून पुढे. हा नियम त्याला माहीत होता, पण सराव एकदाही घेतला नव्हता. मला ते सगळं सांगता आलं असतं. पण मला वाटलं, हा पुन्हा कचरायला लागला. पुन्हा तो कट्टा, पुन्हा ती चापट. इतक्या मेहनतीनं मोकळा केलेला हात पुन्हा आखडेल.

"तुम्ही थांबायचं नाव काढायचं नाही," मी म्हटलं. "दिसलं की मारा. बाकीचं मी बघते."

बाकीचं मी काय बघणार होते, माझं मलाच माहीत.

स्पर्धा दोन दिवसांची, एका सभागृहात. वर पंखे गरम हवा खाली ढकलत होते. एकतीस खेळाडू, पाच फेऱ्या. मी दोन्ही दिवस पाण्याची बाटली घेऊन दोरीच्या बाहेरच्या खुर्चीवर. पहिला डाव प्रभुलिंगनं जिंकला. दुसरा हरला, सुरुवातीलाच घोडा गेला, त्याला इलाज नाही. तिसऱ्यात तो प्रसंग आलाच. समोर आरोग्य खात्यातले एक गृहस्थ, त्यांच्याकडे राजा आणि एक प्यादं. प्रभुलिंगनं हत्ती उचलला आणि टक्कन प्यादं मारलं. दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. मी खुर्चीतल्या खुर्चीत एवढी उडाले की पंचांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "बाई, गेला हात!" आणि लहान पोरासारखा हसला. चौथाही जिंकला.

म्हणजे चार फेऱ्यांत तीन गुण. शेवटचा डाव जिंकला तर चार, आणि चौघांत नाव नक्की. बरोबरी झाली तर साडेतीन, आणि साडेतीनवाल्यांत त्याचा नंबर लागत नव्हता. मी कागदावर तीनदा मांडून बघितलं होतं. पुन्हा तोच मेला अर्धा गुण.

शेवटच्या डावाला समोर पृथ्वीराज नावाचा तरुण कारकून, नुकताच भरती झालेला. चांगला खेळायचा, पण घाईचा. दोन तास झाले. मोहरी एकेक करत गेली. आजूबाजूची टेबलं रिकामी झाली, लोक यांच्याभोवती जमले. मी दोरीपाशी उभी राहिले, टाचा उंचावून.

पट मला आजही डोळे मिटले तरी दिसतो. पृथ्वीराजचा राजा उजव्या वरच्या कोपऱ्यात. प्रभुलिंगनं आपला राजा आणि एक प्यादं त्याच्या तोंडाशी नेऊन असं बसवलं होतं की त्या राजाला कोपऱ्यातून पाऊल टाकायला घर नव्हतं. काय सुरेख नेलं होतं! माझ्या वहीतल्यापेक्षा सुरेख. पटाच्या दुसऱ्या कडेला पृथ्वीराजचं एकटं प्यादं, वजीर व्हायला एकच घर बाकी. आणि त्याच उभ्या रांगेत, त्या प्याद्याच्या पाठीमागे, प्रभुलिंगचा हत्ती. चाल प्रभुलिंगची.

हत्ती आडवा उजव्या कडेला नेला तर मात. सरळ वर शेवटच्या घरात नेला तरी मात. एक सोडून दोन वाटा. ते प्यादं वजीर होवो नाहीतर बादशहा होवो, त्याच्याकडे बघायचीसुद्धा गरज नव्हती. आणि ते मारलं, तर पृथ्वीराजला हलवायला काहीच उरत नव्हतं.

बोलायची परवानगी नाही. खोकले असते तरी पंचांनी बाहेर काढलं असतं. घड्याळात त्याची चार मिनिटं शिल्लक होती, भरपूर. मी मनात म्हणत होते, थांब. प्रभुलिंग, थांब. बाबा रे, देवा रे, थांब.

त्याचा हात हत्तीवर गेला. हत्तीच्या डोक्यावर बोटं ठेवून क्षणभर तसाच राहिला. माझा श्वास सुटला, वाटलं, दिसलं ह्याला. मग त्यानं हत्ती उचलला आणि प्यादं मारलं.

पृथ्वीराज आपल्या राजाकडे बघत राहिला. एका घराकडे बोट, दुसऱ्या घराकडे बोट. मग त्याच्या तोंडावर हसू आलं आणि त्यानं घड्याळ बंद करून हात पुढे केला. "काका, स्टेलमेट." पंच आले, बघितलं, कागदावर दोघांच्या नावापुढे अर्धा अर्धा लिहिला. जमलेले लोक हळहळले, "अरेरे, हातातला गेला," आणि पांगले. प्रभुलिंग उठला नाही. त्यानं त्या मारलेल्या प्याद्यावरची मूठ उघडली, ते पटाबाहेर ठेवलं, आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसला.

मी बाहेर व्हरांड्यात थांबले. चार नावं वाचून दाखवली तेव्हा तो आतच होता, उभा राहून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. मग आला. मला वाटलं होतं, रडेल किंवा मला बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं.

"आमच्या कट्ट्यावर आशी कोंडी झाली तर म्हणत्यात, चाल फिरव, त्याला हलायला जागा दे," तो म्हणाला. "हितं फिरवता येत न्हाई."

"नाही येत."

"बाई, मला वाईट त्याचं न्हाई वाटत. एक सांगू? हात थांबला हुता."

मी त्याच्याकडे बघितलं.

"हत्तीवर हात ठिवला आन् थांबला. त्यो नकोच म्हणत हुता. मला वाटलं, जुनी खोड आली परत. बाई समोर उभ्या हायत, आता वरडतील. म्हणून मीच ढकलला त्याला."

मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही, पोरांची तर नाहीच. उभ्या जन्मात पहिल्यांदा मी म्हटलं, "प्रभुलिंग, चूक तुमची नाही. माझी आहे. तुमचा हात बरोबर होता. तिथं थांबायचंच होतं."

त्यानं ते ऐकलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. शाळेत एखादं पोरगं गणित पुन्हा पहिल्या पायरीपासून बघतं तसा तो मनातल्या मनात मागं गेला. आतून कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"मंग त्या दिवशी इचारलं तवा सांगितलासा का न्हाई बाई?"

तो टोपी हातात धरून, उत्तराची वाट बघत उभा राहिला.